अकरा वेळा मेब्री

“ह्यात माझा लेयो कुठाय?”

बाईंनी रस्त्यात थांबवलेल्या लोकांच्या नोंदींची चारही पानं काउंटरवर पसरली होती आणि एकेका ओळीवरून बोट खाली आणत होत्या. मागे रांगेत दोन माणसं चुळबुळ करत होती. बाईंना त्याचं काही नव्हतं.

“नावं नसतात त्यात, मॅडम,” मी काचेमागून म्हटलं. “कायदाच तसा आहे. पोलिसानं रस्त्यात कुणालाही थांबवलं की फॉर्म भरायचा. समोरचा माणूस आपल्याला कसा दिसला तेवढं लिहायचं. काळा वाटला की गोरा, किती वर्षांचा वाटला. त्याला विचारायचं नाही आणि नाव तर टाकायचंच नाही.”

“म्हणजे माणसं मोजायची, पण कोण ते नाही बघायचं?”

“कुठल्या लोकांना जास्त अडवतात ते राज्याला कळावं म्हणून मोजतात.”

“मग कळलं का राज्याला?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा पानात डोकं घातलं. “हा असेल का? लॅटिनो, अंदाजे अठरा. दाढी केली की तो अठराचाच दिसायचा. का हा? काळा, अंदाजे तीस. बापासारखा दिसायचा ना कधीकधी, दमून आला की.”

युलालिया मेब्री त्यांचं नाव. नवरा काळा होता, तो वारला होता. त्या स्वतः मेक्सिकोकडच्या, आणि मुलगा ऑरेलियो, म्हणजे लेयो, रंगानं दोघांच्या मधला. बदामाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचा. कॅनरी रोडच्या कोपऱ्यावर ऑफिसर कॉलियर उभा असायचा, आणि बाईंची तक्रार अशी होती की त्यानं लेयोला एका वर्षात अकरा वेळा थांबवलं. एकदाही दंडाची पावती फाडली नाही, कारण फाडण्यासारखं काही नव्हतं. शेवटी पोरगा कंटाळला आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं जायला लागला. त्या रस्त्याला ना दिवे, ना पांढऱ्या रेघा. जानेवारीत आमच्या खोऱ्यात धुकं असं बसतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. अशाच एका सकाळी तो पुढच्या दुधाच्या टँकरवर आदळला. चूक कुणाचीच निघाली नाही. ह्या तक्रारीसाठी उठून उभं राहायला बाईंना जवळजवळ दोन वर्षं लागली होती.

“तक्रार तपासणारे साहेब म्हणाले, अकरा वेळा थांबवल्याचा कागदच नाही,” त्या म्हणाल्या. “मी काय खोटं बोलतेय? मेलेल्या पोराच्या नावानं?”

खरं तर त्यांचं बोट ज्या ओळीवर थांबलं होतं, ती लेयोची नव्हती. लेयोची तिच्याखालून तिसरी. कॉलियरला तो पॅसिफिक बेटांवरचा वाटला होता, अंदाजे पंचवीस. मला माहीत होतं. तरी मी “नेक्स्ट” म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं.

मी वर्लीन टॉलिव्हर. पोलीस नाही. मला ना बिल्ला ना बंदूक, नुसता लोकरीचा स्वेटर आणि गळ्यात ओळखपत्र. सत्तावीस वर्षं ह्या पोलीस खात्याच्या नोंदी सांभाळल्या. हा मोजणीचा कायदा आला तेव्हा नवं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण माझी नजर बारीक. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो. का थांबवलं ते पोलिसानं तिथे दोन ओळींत लिहायचं. घाईत कुणी नाव लिहितं, कुणी गाडीचा नंबर. माहिती राज्याकडे जायच्या आत मी ते काढून टाकायचं, नावाच्या जागी ‘चालक’ किंवा ‘पादचारी’ लिहायचं. जुना मजकूर मागे राहत नाही. लोकांच्या खाजगीपणासाठीच आहे हे सगळं, आणि चांगल्या हेतूनंच आहे. मी इतक्या नेटानं केलं की प्रमुखांनी मला सर्वांसमोर शाबासकी दिली. साऱ्या जिल्ह्यात आमच्याइतकी स्वच्छ माहिती कुणाची नाही म्हणाले.

कॉलियर बोलल्यासारखा लिहायचा. ‘मेब्री. मागचा दिवा मंद. काही नाही.’ मी मेब्री काढलं, चालक लिहिलं. पुढच्या महिन्यात, ‘पुन्हा मेब्री. काच काळी वाटली. काही नाही.’ पुन्हा काढलं. पाचव्यांदा मला हसू आलं. सहाव्यांदा मी मनात म्हटलं, काय बाई हा पोरगा, ह्याला अक्कल कधी येणार! कॉलियरबद्दल हा प्रश्न मला पडला नाही. माझा सख्खा भाऊ तरुणपणी ह्याच शहरात दर आठवड्याला अडवला जायचा, आई खिडकीत उभी राहायची, आणि तरी मला तो प्रश्न पडला नाही. ह्याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी व्हावी असंही वाटत नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचताना कोपऱ्यात अपघाताची चार ओळींची बातमी दिसली. ऑरेलियो मेब्री, वय बावीस. त्या दिवसापासून ते नाव घरात राहायला आलं.

भांडी घासताना यायचं. चर्चमध्ये दोन प्रार्थनांच्या मध्ये यायचं. पुन्हा मेब्री, काही नाही. आवाज कॉलियरचा, ज्याच्याशी मी जन्मात चार वाक्यं बोलले नसेन. आणि मेब्री आला की त्याच्यामागून बाकीचे यायचे, मी पुसलेले सगळे, दारात एकेक करून उभे राहिल्यासारखे. कुणी काही मागत नसत. ओटिस, माझा नवरा, टीव्हीवरून मान वळवून विचारायचा, “कुणाशी बोलतेस गं?” मी म्हणायची, “कुणाशी नाही.”

बाई काउंटरवरून गेल्या त्या दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर सार्जंट डिटमरकडे गेले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तोच तपासायचा. माणूस वाईट नव्हता.

“बसा, मिस वर्लीन. तुमच्या निरोपाच्या केकचं विचारायला आला असाल, तर माझं मत चॉकलेटला.”

“मेब्रीचं विचारायला आलेय.”

त्यानं खुर्ची पुढे ओढली. “बघा, मी मनापासून शोधलं. त्या कोपऱ्यावर त्या वर्षी कॉलियरनं एकशे त्रेचाळीस वेळा कुणाला ना कुणाला थांबवलंय. त्यात तो पोरगा कोणता हे देवालाच ठाऊक. पावती एकही नाही. रेडिओवरचं बोलणं ठेवायची मुदत संपली. कॉलियर म्हणतो, चेहरा आठवत नाही. मी काय करू? ‘निराधार’ असा शेरा मारावा लागणार. म्हणजे असं काही घडलंच नाही.”

“घडलंय. अकरा वेळा. दर वेळी त्यानं नाव लिहिलं होतं आणि दर वेळी मी पुसलं.”

डिटमर उठला, दार लावून आला. “तारखा?”

मी सांगितल्या. चार ऐकल्यावर त्यानं हात वर केला.

“थांबा. कॉलियरच्या युनियनचा वकील काय म्हणेल ऐका. ही बाई वर्षाला हजारो नोंदी वाचते, हिला हे एकच नाव बरं लक्षात राहिलं! रडणारी आई बघितली आणि आठवण झाली. तो म्हणेल, बाकीची नावं सांगा.”

“सांगू?”

“सांगा की,” तो म्हणाला. थोडा हसलाही.

“हायमे ओरोपेसा. बसथांब्यावर, पिशवीत औषधं, आईची. विन्स्टन प्यू, सायकलला दिवा नव्हता. केओ सायावोंग, बापाच्या गाडीत, बाप शेजारीच बसलेला. डेलफिना आर्सेनो, लेकरू मागच्या सीटवर झोपलेलं, उठवायला लावलं. रुफस गेंट, दोनदा एकाच दिवशी, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना…”

सुरुवातीला तो लिहून घेत होता. मग त्यानं लिहिणं थांबवलं. मी त्याच्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते, आणि तिथे धुक्यामुळे पार्किंगसुद्धा दिसत नव्हतं. नावं येत होती. तोंडातून बाहेर पडताना त्यांना वजन होतं.

“पुरे,” डिटमर हळूच म्हणाला.

मला थांबता येईना. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा कुठे थांबले.

“हे सही करून द्याल?” त्यानं विचारलं. “नोंदी गोपनीय असतात, मिस वर्लीन. तुम्ही नावं लक्षात ठेवली आणि बोलून दाखवली, म्हणजे तुमच्यावरही चौकशी बसणार. निवृत्तीला किती राहिलेत, चार महिने? गप्प बसलात तर कुणाला कळणार नाही. मी तर नाही सांगणार.”

“त्या आईला विचार ना जाऊन, पोराच्या नावानं खोटं बोलतेस का म्हणून,” मी म्हटलं. “आण तो कागद.”

मी सही केली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला माझा पासवर्ड लागेना. उरलेले चार महिने मी तळघरात सापडलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावत होते. बेवारस सायकली, छत्र्या, एकदा एक कवळी. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाशी आले की पोरं घड्याळ बघून उठायची. केक झाला नाही. ओटिसनं घरी एक आणला, त्यावर माझं नाव लिहायला विसरला आणि माफी मागत राहिला. मी त्याला म्हटलं, बरं झालं.

जायच्या आठवड्यात डिटमर जिन्यात भेटला. “मेब्रीचं झालं. ‘निराधार’ खोडलं. ‘सिद्ध झाले नाही’ लिहिलंय. ह्याच्या पुढे मला नेता आलं नाही.”

“म्हणजे घडलंच नाही, असं आता कुणी म्हणणार नाही?”

“नाही. घडलं असंही म्हणणार नाही.”

“आणि कॉलियर?”

“शाळेसमोर वाहतूक बघतो.” त्यानं माझ्याकडे नीट बघितलं नाही. “तो अजून म्हणतो, चेहरा आठवत नाही. मला वाटतं, खरंच नसेल आठवत.”

प्रकरण मिटेपर्यंत तक्रारदाराला भेटायची मला मनाई होती. आता मिटलं होतं, आणि मीही कुणाची नोकर नव्हते. रविवारी चर्चनंतर मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, पण जाळीचं दार तसंच ठेवलं.

“काचेमागच्या बाई ना तुम्ही?”

“हो. वर्लीन.”

“पत्र मिळालं मला. साक्षीदार क्रमांक एक, खात्यातील कर्मचारी. नाव लिहिलं नव्हतं. तुम्हीच का त्या?”

“मीच. आणि त्याचं नाव पुसणारीही मीच. अकराच्या अकरा वेळा. त्या दिवशी तुम्ही शोधत होतात, तेव्हा मला ओळ माहीत होती. मी बोलले नाही.”

त्या जाळीतून माझ्याकडे बघत राहिल्या. “कसं जमलं हो तुम्हाला?”

मी जायला वळले तेव्हा मागे कडी निघाल्याचा आवाज आला.

“माफी मागायला आला असाल तर मला नकोय,” त्या म्हणाल्या. “ती ठेवा तुमच्यापाशी. काय लिहिलं होतं ते सांगा. तो घरी येऊन काही बोलायचा नाही. ‘पुन्हा थांबवलं, आई,’ एवढंच. वर्षभर त्या कोपऱ्यावर तो काय करत होता, कसा बोलत होता, मला माहीत नाही. ते त्या पोलिसाला माहीत होतं आणि तुम्हाला.”

त्यांनी दालचिनी घातलेली कॉफी केली. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले. शब्दाला शब्द, त्यानं लिहिलं होतं तसं.

“तिसऱ्या वेळी लिहिलं होतं, सीटवर पिशवी होती, उघडायला लावली, जेवणाचा डबा निघाला.”

“राजमा आणि भात,” त्या म्हणाल्या. “दुसरं काही न्यायचाच नाही. पुढे?”

“चौथ्या वेळी, कुठे चाललास विचारलं तर म्हणाला, कामावर, सर. सातव्या वेळी, गाणं चालू होतं, सांगायच्या आत बंद केलं.”

“कुठलं गाणं?”

“ते लिहिलं नव्हतं.”

त्या मान हलवत होत्या, आणि प्रत्येक वेळी विचारत होत्या, पुढे? नवव्या वेळी तो म्हणाला होता, उशीर झाला तर मुकादम ओरडतो, सर. त्यावर त्या चक्क हसल्या. “ओरडायचाच तो! मोठा खवीस होता.” मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

“आणि शेवटचं?”

“अकरावं. पुन्हा मेब्री. मी गाडीपाशी पोचायच्या आधीच काच खाली. दोन्ही हात स्टिअरिंगच्या वर, बोटं पसरलेली. काही नाही.”

बाईंनी कप बाजूला केला. दोन्ही हात टेबलावर ठेवले, एकमेकांपासून थोडे दूर, आणि बोटं पसरली.

“असे?”

“असेच असणार.”

“सोळाव्या वर्षी शिकवलं मी त्याला. ह्याच टेबलावर, स्टिअरिंग म्हणून ताटली धरून. हात दिसले पाहिजेत म्हटलं, बोटंसुद्धा. म्हणजे सुखरूप घरी येशील.” त्या हातांकडे बघत होत्या. “विसरला नव्हता म्हणजे.”

“नाही,” मी म्हटलं. “विसरला नव्हता.”

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. कॉफीवर साय धरली. बाईंनी हात उचलले नाहीत.