राखेत शाई शोधणारं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. शिंगाच्या मुठीचं, कडेला टवका उडालेलं. माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. माझा जन्मच त्यासाठी झाला.

ज्यूराच्या डोंगरातल्या एका कारागिराने मला घासून घडवलं आणि पॅरिसच्या माराँद प्राध्यापकांनी मला विकत घेतलं. जुन्या फ्रेंच कवींचा इतिहास लिहिण्यात त्यांची हयात चालली होती. कुणी जुनी म्हणून एखादी कविता विकायला आणली, की ते मला तिच्यावर धरत. शाई ताजी दिसली, की विकणारा मुकाट्याने टोपी उचलून चालू लागे. "हे भिंग आहे म्हणून माझी अब्रू आहे," असं प्राध्यापक म्हणत आणि मी फुगून जाई.

एका हिवाळ्यात त्यांची टाचणं नाहीशी होऊ लागली. एकेका कवीची माहिती ते कागदाच्या चिठ्ठीवर टाचून ठेवत. त्या चिठ्ठ्यांवरच ग्रंथ उभा राहायचा होता. घरात दुसरं होतं कोण? वर्षानुवर्षं स्वयंपाकपाणी पाहणाऱ्या ओनोरीनबाई. प्राध्यापकांनी शेगडीतली राख उपसली आणि मला तिच्यावर धरलं.

"बाई, ही रेघ शाईची आहे!"

"अहो मालक, मासे गुंडाळून आणले ना, त्या वर्तमानपत्राची आहे ती!"

"माझे कवी जाळून सूप उकळता?"

"तुमच्या कवींच्या आगीवर अंडंसुद्धा उकडायचं नाही!" बाई फणकारल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

मला रेघ दिसली, हे खरं. ती कुणाची, हे मला कुठं कळतं? पण प्राध्यापकांना तेवढं पुरलं. त्यांनी बाईंना कामावरून काढलं.

पुढच्याच आठवड्यात ग्रंथालयाचा शिपाई टाचणांचा गठ्ठा घेऊन दारात उभा. "साहेब, परत केलेल्या पुस्तकांत खुणेसाठी घातली होती तुम्ही." काखेत कळसा नि गावाला वळसा! प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी निरोप धाडला. बाई आल्या, पण आपले लाकडी जोडे न्यायला. जाताना त्यांनी उंबऱ्यात दोन्ही खिसे उलटे केले. एक रुमाल पडला, भाजलेलं चेस्टनट पडलं.

"बघून घ्या मालक. भिंग लावा हवं तर."

मी प्राध्यापकांच्या हातातच होतो. तो हात वर आला नाही.

"चुकलो मी, बाई. राहा ना."

"माफ केलं, मालक. पण रोज खिसे दाखवत मला जगायचं नाही."

पुढे ग्रंथ नावाजला गेला. मी मात्र खणात पडलो आणि तिथून जुन्या बाजारात आलो.

मित्रांनो, उद्या मला कुणी घेतलंत, तर मऊ फडक्याने पुसा. शाईवर धरा, मुंगीवर धरा. घरच्या माणसावर तेवढं धरू नका. मला रेघ दिसते हो, माणूस दिसत नाही.