पायरीवर पंधरा मोजणारा

मित्रांनो, मुठीत मावेन एवढा, कडेने पिवळा पडलेला मी एक जुना रिले आहे. माझ्या तोंडावर एक छोटी चकती आहे. ती फिरवून मला सांगायचं, किती सेकंद थांब. तेवढे सेकंद मोजून मी वीज पुढे सोडतो. कारखान्यात एका ताईंनी हातात घड्याळ धरून मला तपासलं होतं. "हा वेळेचा अगदी पक्का आहे हं," असं त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मी हुरळून गेलो. कुणाच्या तरी जिन्यातला दिवा सांभाळायला मिळेल, अशी माझी आशा होती.

नशिबी आली ती चपलांच्या दुकानाची भिंत. दुकानाला सावलीतली लांबलचक पायरी होती आणि समोर बसचा थांबा. थांबा म्हणजे नुसता खांब, वर छप्पर नाही. साहजिकच दुपारच्या बसची माणसं पायरीवर टेकत. मालकांना ती डोळ्यांसमोर नको होती, म्हणून त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने दारावर हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, पायरीच्या वर विजेवर उघडणाऱ्या तोटीचा, भोकं पाडलेला पाइप लावला आणि दोघांच्या मधे मला जोडलं.

"पायरीवर कोणी हललं की सेन्सर याला जागं करतो," तो मालकांना समजावत होता. "मग हा पंधरा मोजतो आणि पाणी सोडतो. मधेच हालचाल थांबली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे गिऱ्हाईक?"

"ते चार सेकंदांत आत. कोरडं ठणठणीत."

"आणि बसणारे?"

"ओलेचिंब!"

दोघंही पोट धरून हसले. खरं सांगतो, मलाही तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दोन दिवस माणसं भिजली, चरफडली, निघून गेली. तिसऱ्या दिवशी त्या माणसांतल्या भिंगवाल्यांनी यातली मेख ओळखली. ते डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत, श्वास रोखून बारीक चाकं बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "अहो, हलायचंच नाही!" ते सगळ्यांना म्हणाले. "गप्प बसलं की याला आपण दिसतच नाही."

तेव्हापासून रोज दुपारी आठ माणसं गुडघ्यांवर हात ठेवून ढिम्म बसू लागली. नाकावर माशी बसली तरी कुणी हात उचलत नसे. मालकांचा तिळपापड झाला. त्यांनी वायरमनकडून सेन्सरची नजर इतकी तेज करून घेतली, की नुसती मान वळली तरी माझी मोजणी सुरू व्हायची. माणसं आणखी ताठ बसायला शिकली.

अशात एक आजी आपल्या यजमानांना घेऊन येऊ लागल्या. आजोबांनी हयातभर नकाशे काढले होते. आता त्यांना कंपवात होता आणि व्यायामासाठी त्यांना रोज दवाखान्यात न्यावं लागे. फार वेळ उभं राहणं त्यांना जमत नसे. ते पायरीवर बसले, उजवा हात थरथरत राहिला, मी पंधरा मोजले आणि सगळे न्हाऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी आजींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. हात थांबला तर गुडघा हलू लागला, गुडघा दाबला तर हनुवटी.

"अहो, बस येईपर्यंत तरी आवरा ना," आजी कुजबुजल्या.

"आवरतोय गं. ते माझं ऐकतच नाही."

मी पंधरा मोजले. मला मोजायचं नव्हतं, पण मला थांबता येत नाही.

चौथ्या दिवशी भिंगवाले भिजलेला चष्मा पुसत म्हणाले, "आजोबा, राग मानू नका, पण तुम्ही तिकडे उभे राहा. तुमच्या एकट्यापायी आम्ही सगळे भिजतो."

"त्यांना उभं राहवत नाही हो," आजी म्हणाल्या.

"मग खांबाला धरून राहा!" कुणीतरी मान न वळवता म्हणालं, आणि बाकीचे ओठ मिटून हसले. काचेआड मालकही हसत होते. त्यांना बोटसुद्धा उचलावं लागलं नव्हतं.

पाचव्या दिवशी आजोबा उन्हात खांबाला धरून उभे राहिले. बसला उशीर झाला. त्यांची पकड सुटली, ते घसरत खाली आले आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं.

"अहो, कुणीतरी या हो!" आजी ओरडल्या. "मला एकटीला उचलवत नाही!"

पायरीवरच्या आठही जणांनी पाहिलं. मी मोजायला तयार होतो, पण एक मानसुद्धा हलली नाही. आजी तीनदा ओरडल्या. शेवटी बस आली आणि कंडक्टरने खाली उडी मारून आजोबांना उचललं. ते दोघं पुन्हा कधी दिसले नाहीत.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी वायरमन झालं, तर मला असल्या कामाला जोडू नका. आणि कुणी पडलेलं दिसलं, तर उठा. त्या पायरीवरून खांबापर्यंत जायला पाच सेकंद लागतात. मी पंधरा देत होतो, आणि हे त्या आठही जणांना ठाऊक होतं.