नऊ दिवस

बाकावर सातवा माणूस कोण बसलाय, हे सुभेदारांनी मान वर न करताच ओळखलं. खोकला ओळखीचा होता. लहानपणी एकाच पांघरुणात झोपलेल्या माणसाचा खोकला आठ वर्षांच्या अबोल्यानंतरही कानातून जात नाही.

समोरच्या म्हाताऱ्याचा अर्ज त्यांनी पुरा केला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं आणि मग वर पाहिलं. धाकटा भाऊच. गळ्याला मफलर, दाढी वाढलेली, मांडीवर कागदांची पिशवी. शेजारची माणसं अंग चोरून बसली होती. या दोघांचं बोलणं बंद आहे हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. का बंद आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

सुभेदार आठ वर्षं या सकाळची वाट बघत होते. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

सव्वीस वर्षं त्यांनी सैन्यात पूल बांधले. पलीकडून गोळ्या येवोत की पाणी चढो, गाड्या पार झाल्या पाहिजेत, एवढंच त्यांना कळत असे. त्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. पण रजेचा एक दिवस त्यांनी कधी दुसरीकडे घालवला नाही. घरावर दोन खोल्या स्वतःच्या हाताने चढवल्या, आई अंथरुणाला खिळली तेव्हा पंधरा दिवस येऊन तिचे पाय चेपले, तिला धरून उठता यावं म्हणून खाटेशेजारी लोखंडी दांडी बसवली आणि परत कामावर गेले.

आई गेली तेव्हा ते छावणीत होते. धाकट्याचं पत्र आलं, की झोपेतच गेली, अचानक, कळवायलाही वेळ मिळाला नाही. ते पत्र सुभेदारांनी तीन वर्षं खिशात वागवलं. म्हातारीचे हाल झाले नाहीत, एवढंच समाधान.

मग ते निवृत्त होऊन बायकोसह घरी आले आणि चौथ्याच दिवशी रस्त्यात नर्सबाई भेटल्या. आईला शेवटी त्यांनीच पाहिलं होतं. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्या जरा घुश्शातच म्हणाल्या, की आजी नऊ दिवस तुमच्या नावाचा जप करत होत्या, दार वाजलं की मान वळवायच्या. तुमचा भाऊ बिचारा निरोप धाडून थकला. रजा मिळाली नाही का तुम्हाला?

त्या नऊ दिवसांत सुभेदार छावणीतल्या भिंतींना चुना मारून घेत होते. दुसरं काम नव्हतं. रजा शिल्लक होती, प्रवास सहा तासांचा होता. निरोप आलाच नव्हता.

"नाही मिळाली," ते नर्सबाईंना म्हणाले.

खोटं का बोललो, हे घरी पोचेपर्यंत त्यांना उमगलं. खरं सांगितलं असतं तर चार माणसं मध्ये पडली असती, धाकट्याने डोळ्यांतून पाणी काढलं असतं आणि सगळं मिटलं असतं. सुभेदारांना मिटवायचं नव्हतं.

धाकटा पाणीखात्यात कारकून होता, पण वस्तीत त्याचा शब्द चाले. कुणाला दाखला हवा, कुणाला इस्पितळात खाट हवी, सगळे त्याच्या दारातल्या बाकावर जाऊन बसत. सुभेदारांनी हे नीट पाहून घेतलं. पूल पाडायचा तर वरच्या गाड्यांवर गोळ्या झाडून उपयोग नसतो, खालचे खांब काढावे लागतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या आणि आपल्या दारात एक बाक टाकला.

नाल्यावर पूल व्हावा म्हणून धाकटा सहा वर्षं अर्ज करत होता. सुभेदारांनी वीस माणसं जमवली आणि भंगारातले गर्डर आणून चार दिवसांत पूल उभा केला. लोक येऊ लागले. सुभेदार सकाळी सातला बसत आणि शेवटचा माणूस उठल्याशिवाय उठत नसत. कुणाला परत पाठवायचं नाही, हा नियम. वर्षभरात धाकट्याचा बाक रिकामा पडला. वस्तीच्या समितीच्या निवडणुकीत सुभेदारांनी नर्सबाईंना उभं केलं आणि धाकटा असा पडला की पुन्हा उठला नाही. त्याची बायको आजाराने गेली, तेव्हा त्याच्या एकुलत्या एका मुलीला सुभेदारांनी आपल्याकडे अभ्यासाला बसवलं, दूरच्या शहरात शिकायला धाडलं. आता ती मोठ्या काकांना आठवड्याला फोन करी. बापाला सणक आल्यासारखा कधीतरी.

लोक त्यांना देवमाणूस म्हणत. बायको म्हणत नसे. एकदा शांतपणे कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली होती, "इतकं लोकांचं करता, पण करताना तुमच्या तोंडावर कधी हसू नाही दिसत. दात खाऊन करता सगळं."

सुभेदारांनी सातव्याला शेवटपर्यंत ठेवलं. त्याच्या मागून आलेल्या पाच जणांची कामं आधी केली. पण कामं झालेली माणसंही उठली नाहीत, दारात रेंगाळली. सुभेदारांनाही तेच हवं होतं.

धाकटा उठून समोर बसला. पिशवीतून एक फॉर्म काढून त्याने टेबलावर ठेवला. घशाचं ऑपरेशन होतं, स्वरयंत्र काढणार होते. जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती.

"घरी का नाही आलास?" सुभेदारांनी विचारलं.

"घरी दार उघडलं नसतंस. इथे तू कुणाला परत पाठवत नाहीस."

आवाज बसला होता, तरी दारापर्यंत ऐकू गेला. सुभेदारांनी आठ वर्षं घासून ठेवलेला प्रश्न बाहेर काढला. "आई किती दिवस आजारी होती?"

"अकरा महिने," धाकटा म्हणाला.

"नऊ दिवस. शेवटचे नऊ दिवस मला बोलवत होती."

"ते तू मोजलेस. मी अकरा महिने मोजले." "सगळं मी केलं, दादा. तू पंधरा दिवस येऊन पाय चेपून गेलास, तर ती सहा महिने येईल त्याला तेच सांगत होती. शेवटी माझं नावही विसरली. मला तुझ्या नावाने हाक मारायची. म्हटलं, एकदा तरी ती माझ्या एकट्याच्या हातात असू दे. मी निरोप पाठवलाच नाही. विसरलो नव्हतो, मुद्दाम."

दारात उभ्या नर्सबाईंनी खाली पाहिलं. सुभेदारांना वाटलं होतं, हे सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून वदवलं की छाती मोकळी होईल. झालं उलटंच. वस्तीसमोर तो उघडा पडायचा, त्याऐवजी उघडं पडल्यासारखं त्यांनाच वाटलं. तो हात जोडेल, रडेल, असं काहीच झालं नाही. तो नुसता फॉर्मकडे बघत होता.

त्यांनी सही केली. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं.

"एक काम आहे अजून," धाकटा म्हणाला. "पोरीला कळव. तिचा नवा नंबर तुझ्याकडेच आहे. आवाज आहे तोवर एकदा बोलेन."

"कळवतो," सुभेदार म्हणाले.

त्यांनी कळवलं नाही.

आधी वाटलं, दुपारी करू. दुपारी फोन हातात घेतला आणि तेव्हा तो विचार त्यांच्या मनात सरळ उभा राहिला. नऊ दिवस. बघू दे दाराकडे. त्यांनी फोन खिशात ठेवला. पुतणीचाच फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. बायकोने विचारलं, पोरीला सांगितलंत ना? ते म्हणाले, कॉलेजातून रजा मिळत नाहीये तिला. बायको पोरीवर दोन दिवस धुसफुसली. वस्तीला वाटलं, सुभेदारांनी कळवलंच असणार.

ऑपरेशन झालं. सुभेदार रोज सकाळी इस्पितळात जाऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसत, ताठ, पहाऱ्यावर बसल्यासारखे. धाकट्याच्या गळ्यात नळी होती. बोलायचं ते तो पाटीवर लिही. वॉर्डाचं दार वाजलं की त्याची मान वळे. सफाईवाली येई, दुसऱ्याचे नातेवाईक येत, मान पुन्हा उशीवर जाई. सुभेदार ते बघत. आईची मान अशीच वळली असेल, असं मनाशी म्हणत आणि दिवस मोजत.

पाचव्या दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, "कळवलंस?"

"कळवलं. रजा मिळत नाहीये."

धाकटा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पाटी छातीवर पालथी ठेवली. कळायचं ते त्याला कळलं होतं. आईच्या वेळी दादाबद्दल हेच खोटं त्याने अख्ख्या वस्तीला सांगितलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मान मात्र वळायची थांबली नाही.

सातव्या दिवशी ताप चढला. आठव्या दिवशी डॉक्टरांनी सुभेदारांना बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. त्यांनी मान डोलावली आणि परत स्टुलावर येऊन बसले. नववा दिवस त्यांनी पुरा केला. संध्याकाळी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. हिशेब फिटला होता. आता काहीतरी वाटायला हवं होतं. ते वाट बघत बसले. वाटलं काहीच नाही, फक्त पाठ दुखत होती. इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी पुतणीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीतून उतरून थेट आली, खांद्यावर पिशवी तशीच. धाकट्याची मान वळली आणि या वेळी तिथेच थांबली. तिने बापाचा हात दोन्ही हातांत धरला. मग खाटेच्या पायाशी अडकवलेल्या कागदावर तिची नजर गेली. ऑपरेशनची तारीख होती.

"दहा दिवस झाले?" ती सुभेदारांकडे वळली. "मोठे काका, मला काल कळवलंत तुम्ही. का?"

सुभेदारांनी सव्वीस वर्षांत कुठल्याही प्रश्नापुढे नजर खाली घातली नव्हती. आताही घातली नाही. खरंच सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

धाकट्याने पोरीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पाटीसाठी चाचपडू लागला. खडू दोनदा निसटला. तापात एकेक अक्षर काढायला वेळ लागत होता. त्याने पाटी मुलीकडे फिरवली.

"मीच सांगू नको म्हटलं. तुझी परीक्षा होती."

तिने वाचलं. रागवावं की रडावं हे तिला कळेना. ती वाकली आणि बापाच्या कपाळावर हात ठेवला. पुढचं काही लिहायला जागा हवी म्हणून तिने ओढणीच्या टोकाने पाटी पुसली आणि त्याच्या हाताशी ठेवली.

धाकट्याने पुढे काही लिहिलं नाही. तो मुलीकडे बघत होता. सुभेदारांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

खाटेजवळ स्टूल एकच होतं. सुभेदार उठले, ते पुतणीकडे सरकवलं आणि भिंतीला पाठ न टेकवता उभे राहिले.