चंद्रीच्या निमित्तानं

तुळजारामला सुनेशी बोलायचं झालं की तो मेंढीशी बोलायचा. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, हा घरचा रिवाज. म्हणून अंगणात त्यानं "चंद्रे, चहा झाला का गं?" म्हटलं, की आतून प्रतीक्षा कपबशी आणून ओट्यावर ठेवायची. बापजाद्यांचा कळप कधीच गेला होता, आता दावणीला तीनच मेंढ्या. पण निरोप पोचवायला एक चंद्री पुरत होती.

यंदा चंद्री गाभण होती आणि प्रतीक्षाही पोटुशी. गेल्या खेपेला प्रतीक्षाला सातव्यातच कळा आल्या. बिदरला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं लेकरू चौथ्या दिवशी गेलं. आता पुन्हा सहावा सरत आला होता, आणि घरात कुणी महिने मोठ्यानं मोजत नव्हतं.

चंद्रीचा थाट मात्र बघण्यासारखा. तिला लांब चरायला न्यायचं नाही, बाकीच्या दोघी धडका देतात म्हणून वेगळं बांधायचं, पेंड सगळ्यांआधी तिच्यापुढं. एका संध्याकाळी तुळजाराम तिची पाठ खाजवत बसला होता, तेवढ्यात प्रतीक्षा नळावरून आली. दिवसभर बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात उभ्यानं डबे भरायचे, वर घरी येऊन ही तिसरी घागर. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल ते तिच्या ताटात. ती चंद्रीपाशी थांबली आणि सासऱ्याकडं न बघता म्हणाली,

"चंद्रे, तुझं बरं हाय बाई. तुला जपायला कुनीतरी हाय."

ती आत गेली, पण तुळजारामचा हात चंद्रीच्या पाठीवरच राहिला. कुठल्या मेंढीला किती चालवायचं हे तो झोपेतही सांगेल, आणि घरातली पोर त्याला दिसली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या सकाळी स्वारी घागर घेऊन नळावर, बायकांच्या रांगेत. शेजारच्या ईरम्मानं विचारलं, अण्णा, साडी कधी नेसणार? सगळ्या फिदीफिदी हसल्या. त्यानं टोपी नीट केली, नंबर काही सोडला नाही. मुलाला, महांतेशला, सुपरवायझरकडं पिटाळून सुनेसाठी बसायचं काम मागून घेतलं. जेवायच्या वेळी चंद्रीला बजावलं, आधी तू खायचं, त्याबिगर मी ताटावर बसणार न्हाई. त्याच्या बायकोनं, रेणुकाबाईनं, आत निमूट पहिली भाकरी सुनेला वाढली.

पण दोन दिवसांनी तो घागर उतरवत असताना रेणुकाबाई म्हणाली, "माझी दोन लेकरं सातव्यातच गेली. तवा कामून उचलली न्हाई घागर?"

"कळलं न्हाई मला," तुळजाराम म्हणाला. खरं तेच होतं.

रेणुकाबाईनं त्याच्या हातातली घागर घेऊन आत ठेवली. मग म्हणाली, उद्या लवकर जावा, गर्दी ऱ्हाती.

चंद्री आधी व्यायली. प्रतीक्षाचा सातवा गेला, आठवा गेला, नववा भरून वर चार दिवस झाले आणि मुलगी झाली. पावणेतीन किलोची, रडणं पार नळापर्यंत ऐकू जाईल असं. सून घरी आली त्या दिवशी तुळजाराम सवयीनं चंद्रीकडं वळला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग उंबऱ्याशी जाऊन त्यानं विचारलं,

"पोरी, जेवलीस का?"

प्रतीक्षाला आधी वाटलं, चंद्रीलाच विचारलं. तिनं मान वर केली, तर सासरा तिच्याकडंच बघत होता.

"व्हय मामा," ती म्हणाली. "पोटभर."