एक वाजून दहा मिनिटं

खाणीत एक वाजता जेवणाची सुट्टी व्हायची, पण जेवायला कोणी जायचं नाही. क्रशरवाले, ट्रकवाले, ऑफिसातला कारकून, सगळे डबे हातात घेऊन त्या जुन्या पोकलेनभोवती गोळा व्हायचे. ते एकटंच चालू ठेवलेलं असायचं. एक वाजून दहाच्या सुमारास ते कण्हायला लागायचं, बकेट दगडात अडकायची आणि इंजिन दोनदा धापा टाकून बंद पडायचं. "आला," कोणीतरी हळूच म्हणायचं आणि लोक डोक्यावरची हेल्मेटं काढायचे.

आला म्हणजे माझा दादा. तो हेच पोकलेन चालवायचा, आणि चार महिन्यांपूर्वी याच केबिनमध्ये, याच वेळेला, त्याचं हृदय बंद पडलं. मी त्याची धाकटी बहीण. जुनी मशीनं विकत घेणाऱ्यांना त्यांची वायरिंग आणि सेन्सर तपासून देणं हा माझा धंदा. दादा गेला तेव्हा मी रडले नाही, नंतरही नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि जबडा आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. तसं काही नव्हतं.

वहिनी मात्र रोज बाराच्या बसने खाणीवर यायची. त्यासाठी तिने लाँड्रीतली नोकरी सोडली होती. बंद पडलेल्या मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून ती दादाशी बोलायची. नळ गळतोय, शेजारीण विचारत होती, तुझे बूट अजून दारातच आहेत, असं काहीबाही.

आणि तिच्या शेजारी उभे असायचे कानवाले बुवा. त्यांच्या हातात लांब लाकडी दांडी असायची. तिचं एक टोक मशीनला, दुसरं स्वतःच्या कानाला लावून ते मेलेल्यांचं ऐकायचे. पूर्वी ते कुठल्याशा गॅरेजात होते म्हणे. गॅरेजात बेअरिंगचा आवाज ऐकायला अशीच दांडी लावतात, पण हे कोणी लक्षात घेत नव्हतं. "आत्म्याला हाडमांस लागत नाही, त्याला दाब लागतो," बुवा डोळे मिटून सांगायचे, "आणि इथे दाब भरपूर आहे." मग चाळीस मिनिटं मौन. तोवर किल्लीला कोणी हात लावायचा नाही. चाळीस मिनिटांनी बुवा मान डोलवायचे, नवा ऑपरेटर किल्ली फिरवायचा आणि मशीन मुकाट सुरू व्हायचं. दोन थंड, ढगाळ दिवस ते बंदच पडलं नाही, तेव्हा बुवा म्हणाले, आज स्वारी समाधानी आहे. बंद पडलं तरी बुवांचं खरं, नाही पडलं तरी बुवांचंच.

मी महिनाभर हे बघत होते. बघत होते म्हणजे उभी होते. राग यायला हवा हे कळत होतं, पण येत नव्हता.

मग एका शुक्रवारी बुवांनी दांडी खाली ठेवली आणि जाहीर केलं की दादाला आत एकटं वाटतंय. सोमवारी त्या वेळेला वहिनींनी स्वतः केबिनमध्ये बसावं, मशीन चालवायचा दांडा हातात धरावा, तो भेटेल. वहिनीच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग आला. मशीन खाणीच्या कडेला उभं असायचं आणि पुढे चाळीस फूट खड्डा होता. तिला मशीनच्या दांड्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

मी मुकादमाकडे गेले. मशीनचं झाकण उघडून बघू दे म्हटलं. तो म्हणाला, बुवांनी मनाई केलीय. खरी गोष्ट वेगळी होती. ते मशीन त्यानेच पसंत करून आणलं होतं, दुसऱ्याने वापरून टाकलेलं, आणि मला न दाखवता. आत भूत निघालं तर त्याची चूक नव्हती. बिघाड निघाला तर होती.

झाकण मिळालं नाही, पण मशीनची रोजची वही ऑफिसात उघडीच पडलेली असते. मी ती मागे मागे चाळत गेले. दादाच्या अक्षरात, तो जायच्या दोन महिने आधीची नोंद होती: 'दु. १.१०, तेल तापल्यावर धाप लागते, बंद पडतं. छोटीला सांगितलं.' छोटी म्हणजे मी. त्याने खरंच सांगितलं होतं, फोनवर. मी म्हणाले होते, बघते कधीतरी. नोंद वाचून झाली आणि मी वही बंद केली. तेव्हाही काही वाटलं नाही.

सोमवारी सातला मी पोचले. मशीन अजून सुरू केलं नव्हतं. नव्या ऑपरेटरला रोजच्या धसक्याने झोप लागत नव्हती, त्यामुळे मुकादमाला न विचारता त्यानेच झाकण उघडून दिलं. पोकलेनला दोन पंप असतात आणि दोन्हींवर दाब मोजणारे सारखेच सेन्सर. मी ते दोन्ही काढले, ऑफिसातल्या टेबलावर मीटरला जोडले आणि केटली लावली. त्या दिवशी वहिनी लवकर आली होती, इस्त्रीची साडी नेसून. बुवाही आले, मागोमाग निम्मी खाण.

दोन्ही सेन्सर अर्धा व्होल्ट दाखवत होते. बरोबर होतं, दाब नसताना तेवढाच दाखवतात. मी त्यांची टोकं एकाच भांड्यात सोडली आणि वहिनीला म्हटलं, पाणी तू ओत. तिने ओतलं. मिनिटभरात एक आकडा थरथरला आणि शून्य झाला. दुसरा हलला नाही.

"आत्मा पाण्यातही उतरतो," बुवा म्हणाले.

"आठ वाजलेत बुवा," मी म्हटलं. "दादा तर एक दहाला यायचा."

मागे एक ट्रकवाला हसला. मी सेन्सर बाहेर काढून पंख्याखाली धरला. निवला, तसा अर्धा व्होल्ट परत आला. मग सगळ्यांना सांगितलं. आतल्या तारेचा सोल्डरचा बारीक टाका तडकलाय. आठला काम सुरू होतं, एकपर्यंत तेल पुरतं तापतं आणि टाका सुटतो. सेन्सर शून्य दाखवतो, म्हणून मशीनच्या कंट्रोलरला वाटतं, पंपावर भारच नाही. तो पंपाला पूर्ण जोर लावायला सांगतो, बकेट दगडात अडकलेली असते आणि इंजिनाचा दम निघतो. चाळीस मिनिटांच्या मौनात तेल निवतं, एवढाच बुवांचा मंत्र. कधी टाका मध्येच परत टेकला तर अख्खं मशीन झटका खाईल, आणि तिथे आज वहिनी बसणार होती.

बुवा म्हणाले, श्रद्धा नसेल तिथे अनुभव येत नाही. त्यांनी दांडी उचलली आणि ते चालू लागले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

"पुन्हा कर," वहिनी म्हणाली. मी केलं. तिने तीनदा करायला लावलं. मग मी वहीतलं ते पान तिच्यापुढे ठेवलं. तिने अक्षरावरून बोट फिरवलं.

"म्हणजे तो असतानाही बंद पडायचं?"

"हो. तो आत बसलेला असायचा."

"मग मी बोलायचे ते?"

"कोणी ऐकत नव्हतं, वहिनी."

याहून मऊ काही सुचलं नाही. मला सांगितलं होतं, मी बघितलं नाही, हेही तिला सांगितलं. तिने वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर बसवून मशीन आठलाच सुरू केलं. एक वाजता माणसं सवयीने जमली. एक दहा झाले, मग एक पंधरा. बकेट दगड उचलून ट्रकात टाकत राहिली. दीड वाजता लोक जेवायला निघून गेले, वहिनी तेवढी उभी राहिली. तिने माझा दंड धरला. "गेला गं तो," ती म्हणाली आणि तिथेच खडीत बसून मोठ्याने रडली. मी तिच्याजवळ बसले. इंजेक्शन उतरल्यावर दाढ दुखायला लागते, तसं मलाही दुखायला लागलं होतं.

गेलेल्या माणसाचा निरोप आणून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला एवढंच विचारा, उघडून बघू द्याल का? नाही म्हणाला तर आपल्या माणसाचा हात धरून तिथून निघा. हो म्हणाला तर स्वतः बघा, मोजा, पुन्हा मोजा. जे सापडेल ते आवडेलच असं नाही. मला माझीच चूक सापडली. तरी बघा. आपला माणूस गेला, हे कळायला घरच्यांना चार महिने लागू नयेत.