लिंबायतची लाल माळ

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे. लाल रेशमी दोरी, तिच्यात निळे काचेचे मणी आणि मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराची चिनी गाठ.

सुरतेत, लिंबायतच्या एका चाळीत माझा जन्म झाला. त्या चाळीत राहणारा हिलाल हजीऱ्याच्या बंदरावर कामाला होता. एका चिनी खलाशाने त्याला दाराला टांगायची लाल गाठ दिली. त्याच्या बायकोने, उषाबाईने, ती हळूच उलगडली, पुन्हा बांधली, पुन्हा उलगडली. आठवडाभराने ती वळणं तिच्या बोटांना पाठ झाली. मग पाटावर उशी ठेवून तिने टाचण्या टोचल्या, त्यांच्याभोवती दोरी फिरवली, वळणावळणाला मणी ओवला आणि शेवटी चारी बाजूंनी सारखं ओढलं. अशी मी झाले. तिने मला आपल्या नणंदेच्या, सुषमाच्या गळ्यात घातलं.

चाळीतल्या बाया हरखल्या. शेजारची शोभाबाई म्हणाली, "उषा, मला बी अशीच बांधून दे की!" राखीपौर्णिमेपर्यंत दहा-बारा गळ्यांत माझ्या बहिणी झुलू लागल्या.

ते १९९४ साल. तापीच्या पुराचं पाणी ओसरलं, चिखल मात्र राहिला. एका सकाळी मोरीपाशी मेलेला उंदीर दिसला. दुसऱ्या दिवशी तीन. मग माणसं तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागली. गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड थांबली. बोचकी घेऊन लोक उधन्याच्या स्टेशनाकडे निघाले. प्लेग, प्लेग, एवढाच शब्द ऐकू येई.

त्यातच सुषमाला थंडी वाजून ताप भरला. तिच्या गळ्याची धग माझ्या मण्यामण्यांत उतरली.

शोभाबाई चार बायांना घेऊन दारात आली. "ही परदेशी गाठ घरात आली तवाच पीडा आली. जाळ तिला! अन् पोरीला कोंडून निघा तुम्ही." त्यांनी आपापल्या माळा कापून गटारात फेकल्या. माझ्या बहिणी चिखलात बुडताना मी पाहिल्या.

हिलाल घाबरला. "चाल, गावले चाल," तो बायकोला म्हणाला.

उषाबाईने सुषमाच्या गळ्यातून मला काढलं आणि आपल्या गळ्यात घातलं. "रोग गाठीत असता, तर आधी माझी बोटं झडली असती," ती शोभाबाईला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "सुषमाले सोडीसन मी येवाव नही."

हिलाल रिक्षा शोधायला बाहेर पडला. एकही रिक्षावाला थांबेना, तेव्हा तोच कुठूनशी हातगाडी घेऊन आला. दोघांनी सुषमाला दवाखान्यात नेलं. वाटेत धडाधड दारं लागत होती.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "प्लेग नव्हे, हिवताप होता. घरातच ठेवली असती, तर गेली असती."

सुषमा आपल्या पायांनी चालत परतली. पण उषाबाईने त्यानंतर एकही गाठ बांधली नाही. मी पत्र्याच्या पेटीत पडून आहे. माझा रंग विटला. अजूनही गल्लीत तापाची साथ आली, की कुणीतरी हलकेच विचारतं, "ती माळ अजून घरात आहे का?"

मित्रांनो, मला जपू नका. हवं तर फेकून द्या. पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या दाराला बाहेरून कडी घालू नका.