डिसेंबरचा पाहुणा

मित्रांनो, मी अंघोळीचा एक जुना टब आहे. बिडाचा, पांढऱ्या मुलाम्याचा आणि, आधीच सांगून टाकतो, मनाने जरा कोता. दुसऱ्याचं कौतुक झालेलं मला सहन होत नाही. पण माझी कहाणी ऐकलीत तर तुम्ही मला फार बोल लावणार नाही.

वितळलेलं बीड साच्यात ओतून मला घडवलं. मग लालबुंद तापवून माझ्यावर पूड शिंपडली, ती वितळून पांढरीशुभ्र, चकचकीत झाली. तिथून मी पोलंडमधल्या वूच शहरात आलो, कापडगिरण्यांच्या गावात. गडी शिव्या घालत मला चौथ्या मजल्यावर घेऊन गेले. ते घर गेन्याबाई नावाच्या कामगारणीला गिरणीकडून मिळालं होतं. कित्येक वर्षं नाव नोंदवून वाट पाहिली होती तिने. त्याआधी ती ज्या चाळीत राहायची, तिथे नळ अंगणात होता आणि अंघोळ स्वयंपाकघरात, पत्र्याच्या टोपात. नळाला अजून पाणी आलेलं नव्हतं. तरी ती कोटासकट माझ्यात उतरून बसली आणि पोटभर हसली.

“माझा राजा!” ती म्हणाली. मला पहिल्यांदाच कुणी काही म्हणालं होतं.

ते दिवस माझे होते. गिरणीतून आली की गेन्याबाईच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. ती ते माझ्यात धुऊन काढी. रविवारी सोडा लावून मला घासायची, शेजारणींना बोलावून दाखवायची. मी फुगून गेलो होतो. मग डिसेंबर आला आणि त्याच्याबरोबर तो आला.

तो म्हणजे कार्प मासा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की बीटाच्या सारानंतर तळलेला कार्प ताटात हवाच. मासे नाताळच्या तोंडावर बाजारात येत, तेही लांबलचक रांग लावून. मिळाला की लगेच घ्यायचा, जिवंत. मग तळ्यातल्या चिखलाचा वास जाईपर्यंत ठेवायचा कुठे? माझ्यात! मला कुणी विचारलंही नाही.

एरवी कुणी माझ्यात जरा रेंगाळलं की दारावर थापा पडत. “बाहेर ये! गरम पाणी संपवू नकोस!” पण साहेब मुक्कामाला आले की सगळं घर आठवडाभर बेसिनपाशी उभं राहून अंग पुसून घेई, आणि वर हसतमुखाने. त्याच्यासाठी ताजं पाणी सोडायचं. त्याच्यासाठी दिवा लवकर मालवायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढे गेन्याबाईच्या मुलाचं, रोमानचं लग्न झालं, बोझेना सून आली, यागोदा नात झाली आणि गेन्याबाईची गेन्या आजी झाली. यागोदाने तर कहरच केला. ती स्टूल घेऊन माशाशेजारी बसायची, त्याला शाळेतल्या गमती सांगायची. त्याचं नावही ठेवलं होतं, गुचो. दरवर्षी मासा नवा, पण नाव तेच. आता सांगा, मी वर्षभर त्या घरात होतो, माझं नाव कुणी ठेवलं का?

माशाच्या डोक्यात घालायला रोमान मोगरी घेऊन आत आला तो दिवस मला आठवतो. बराच वेळ तो नुसताच उभा राहिला.

“झालं का रे?” स्वयंपाकघरातून आजीची हाक आली.

“आई, तो माझ्याकडे बघतोय गं.”

“मग काय पेपर वाचेल? मासा आहे तो, त्याला पापण्या नाहीत!”

“जरा वेळाने करतो.”

“दे इकडे ती मोगरी. गिरणीच्या साहेबासमोर छाती काढून उभा राहतोस, आणि माशापुढे गळाठलास?”

यागोदा दोन दिवस आजीशी बोलली नाही. मला मात्र, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. पण मेल्यावरही त्याचा मान सरला नाही. घरात पैसा खेळता राहावा म्हणून त्याचा एक खवला आजीने पाकिटात जपून ठेवला, वर्षभर. त्याच आठवड्यात माझ्या काठाचा एक टवका उडाला होता. तो तिने केरसुणीने गोळा करून कचऱ्यात टाकला.

मग काळ पालटला, देशातलं कम्युनिस्ट सरकार गेलं. दुकानं भरली, रांगा संपल्या, आणि गिरणीला टाळं लागलं. आजीचे हात एकाएकी रिकामे झाले. त्या हिवाळ्यात ती रोज माझ्यात पाणी गार होईपर्यंत बसून राहायची. कधी कधी रडायचीही. ती दुःखात होती आणि मी सुखात होतो, कारण ती माझ्याकडे येत होती. एवढा मी आपमतलबी.

शेजारीपाजारी जुने टब काढून काचेच्या केबिन बसवू लागले. उभ्याने शॉवर घ्यायचा, दार सरकवायचं, झालं. बोझेनाच्या मनात ती केबिन भरली.

“आई, हा धोंडा काढून टाकू या ना. जागा किती अडवतो!”

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. आजी आता माझी बाजू घेईल, मला राजा म्हणेल, असं मला वाटलं.

“आणि कार्प कुठे ठेवू?” आजी म्हणाली. “त्या काचेच्या कपाटात उभा करू?”

म्हणजे मी वाचलो तो माशाच्या कृपेने! त्यापेक्षा भंगारात गेलो असतो तर बरं, असं मला वाटलं. पुढे कितीदा तरी हा वाद झाला, आणि दरवेळी आजीचं उत्तर तेच. कार्प कुठे ठेवू? दरवेळी मी नव्याने जळायचो.

वर्षं गेली. आजीचे गुडघे गेले. माझ्या उंच काठावरून पाय टाकताना एकदा ती घसरली आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हा मोठी झालेली यागोदा आली, माझ्या काठावर बसली आणि म्हणाली, “आजी, आता पुरे. केबिन बसवू, खाली बसायला स्टूल ठेवू. पुढच्या वेळी कंबर मोडेल.”

“अगं पण नाताळ तोंडावर आलाय. कार्प...”

“आजी, किती वर्षं झाली, आपण कापलेले तुकडेच आणतो की दुकानातून. जिवंत मासा या घरात शेवटचा कधी आला, आठवतंय तुला?”

मी आठवू लागलो. यागोदाचं खरं होतं. इतकी वर्षं माझ्यात मासा आलाच नव्हता, आणि जळण्याच्या नादात मला ते कळलंही नव्हतं.

“मग काय सांगायला हवं होतं मी?” आजी शेवटी म्हणाली. “म्हातारीचा एका टबावर जीव जडलाय, असं? हसला असतात तुम्ही. माशाचं नाव सांगितलं की सगळे गप्प बसतात.”

यागोदा हसली नाही. तिने आजीचा बांधलेला हात हातात घेतला. आजीने दुसरा हात माझ्या काठावरून फिरवला, टवका उडालेल्या जागेवर जरा थांबली आणि म्हणाली, “काढा याला. माझ्याच्याने आता होत नाही.”

दुसऱ्याच आठवड्यात गडी आले. जिना उतरताना मला वरून तिचा आवाज ऐकू आला. “सांभाळून रे! भिंतीला लागू देऊ नका त्याला!”

मित्रांनो, आज मी गावाबाहेरच्या एका बागेत पावसाचं पाणी धरून उभा आहे. मुलामा गेला, गंज चढला, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या घरात कुणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला घासापुसा, जपा. आणि त्याच्यावर तुमचा जीव आहे हे त्याला त्याच्याच तोंडावर सांगा, लाजू नका. मला ते कळलं तेव्हा दारात ट्रक यायला जेमतेम आठवडा उरला होता.